स्वरांना लिपी देणारा वकील : पं. विष्णु नारायण भातखंडे

घराण्यांच्या उंबरठ्याआड जपली गेलेली संगीतविद्या छापील पानावर आणणारे आणि कोणाही नवशिक्यासाठी तिचे दार उघडणारे पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या जीवनकार्याचा हा परिचय.

मुकुंदवाडी हे एकेकाळी औरंगाबाद शहराबाहेरचे गाव होते. आज तो छत्रपती संभाजीनगरचा गजबजलेला भाग आहे. जवळच सिडकोची वसाहत, पलीकडे चिकलठाण्याचे औद्योगिक क्षेत्र आणि शेजारून जाणारा लोहमार्ग अशी या परिसराची ओळख. अशा वस्तीतील एखादा तरुण जेव्हा पहिल्या पगारातून गिटार विकत घेतो, तेव्हा त्याच्या घरात गाण्याची परंपरा असतेच असे नाही. पहिल्या आठवड्यात तारांमुळे बोटांची टोके सोलवटतात. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न पडू लागतात. वाद्याच्या मानेवर पितळी पट्ट्यांनी आखलेले हे पडदे नेमके काय सांगतात? बाराव्या पडद्यावर पुन्हा पहिलाच स्वर वरच्या पट्टीत का ऐकू येतो? मेजर आणि मायनर यांत फरक कशाचा? सारेगम ठाऊक असलेल्याला त्याचा येथे उपयोग होतो का?

या प्रश्नांची उत्तरे आज कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. स्वर बारा, त्यांतील शुद्ध सात, कोमल चार आणि तीव्र एक, हे कोष्टक शाळकरी मुलालाही पाठ असते. तथापि, हे ज्ञान नेहमीच इतके सहज उपलब्ध नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत वकिली करणाऱ्या एका मराठी माणसाला हेच प्रश्न पडले होते आणि त्यांची एकवाक्यता असलेली उत्तरे देणारे पुस्तक त्यास सापडले नव्हते. म्हणून त्याने वकिली सोडली, देशभर प्रवास केला आणि ते पुस्तक स्वतःच लिहिले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या आयुष्याचे सार इतक्या शब्दांत सांगता येते. त्यामागील कष्ट आणि त्यासाठी मोजावी लागलेली किंमत मात्र इतकी थोडकी नाही.

वाळकेश्वर ते एल्फिन्स्टन

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा होता. वडील नारायणराव हिशेबनीसाची नोकरी करीत. घर मध्यमवर्गीय; गाणे हा तेथील व्यवसाय नव्हता, पण गाण्याची आवड होती. आईच्या तोंडची गाणी ऐकून मूल ती जशीच्या तशी म्हणू लागले. शालेय वयात विष्णू बासरी वाजवू लागला. पुढे वल्लभदास दामूलजी यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू झाले.

त्या काळच्या पांढरपेशा समाजात मुलाने सतार हाती धरणे ही फारशी भूषणाची गोष्ट नव्हती. गाणे-बजावणे हा दरबारी कलावंतांचा आणि कोठीवरच्या गायिकांचा प्रांत, सभ्य घरातील मुलांनी शाळा शिकावी, परीक्षा द्यावी आणि सरकारी नोकरी किंवा वकिली करावी, असा संकेत होता. भातखंडे यांनी हा संकेत मोडला नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८५ मध्ये ते पदवीधर झाले आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळवून वकील झाले. काही काळ त्यांनी कराचीत वकिली केली व नंतर ते मुंबईस परतले. सतार मात्र त्यांनी सोडली नाही.

सतारीचा हा अनुभव पुढील कार्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. गळ्यातून निघणारा स्वर दिसत नाही, तो दाखविताही येत नाही. सतारीच्या दांड्यावरील पडद्यावर बोट ठेवले की स्वराला जागा मिळते, तो मोजता येतो आणि दुसऱ्याला दाखविता येतो. आज गिटारवर पहिले स्वर शोधणारा विद्यार्थी नेमक्या याच अनुभवातून जात असतो.

पारशी मंडळींची संगीतशाळा

१८८४ मध्ये, म्हणजे पदवी मिळण्यापूर्वीच, भातखंडे यांनी मुंबईतील गायन उत्तेजक मंडळीत प्रवेश घेतला. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत प्रामुख्याने पारशी समाजातील हौशी मंडळी होती. प्रतिष्ठित घरांतील माणसांनी एकत्र येऊन पद्धतशीरपणे संगीत शिकावे आणि चांगल्या गवयांना ऐकावे, हा तिचा हेतू. येथे भातखंडे यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदाची आणि अली हुसेन खाँ यांच्याकडून ख्यालाची तालीम मिळाली. शेकडो धृपदे आणि दीडशेच्या आसपास ख्याल त्यांनी या काळात आत्मसात केले. पुढे याच संस्थेत ते शिकवूही लागले.

शिकवताना अडचणी समोर आल्या. एकाच रागाविषयी दोन उस्ताद दोन वेगळ्या गोष्टी सांगत. एक एखादा स्वर कोमल मानी, दुसरा तोच शुद्ध लावी. नियम विचारला की घराण्याची रीत हे उत्तर मिळे. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यांतील शुद्ध स्वरांचे सप्तक प्रत्यक्ष गायनातील सप्तकाशी जुळत नसे. ग्रंथ एकीकडे आणि गळा दुसरीकडे, अशी ही फारकत होती. कायद्याच्या अभ्यासात पुरावा, दाखला आणि कलम यांची सवय झालेल्या मनाला हा गोंधळ स्वस्थ बसू देईना.

गवयांचीही एक बाजू होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. विद्या हीच त्यांची मिळकत होती. बंदिश दुसऱ्याच्या हाती गेली, की दरबारातील आपले महत्त्व गेले, अशी त्यांची सार्थ भीती होती. खास चिजा मुलाला किंवा जावयालाच शिकवाव्यात, बाहेरच्या शिष्याला वर्षानुवर्षे सेवा केल्यावर थोडे काही द्यावे, असा व्यवहार त्यातून रूढ झाला होता. या व्यवहारामुळे विद्या टिकली आणि याच व्यवहारामुळे गवयाबरोबर कित्येक चिजा नाहीशाही झाल्या.

दोन मृत्यू आणि एक निर्णय

१९०० मध्ये भातखंडे यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांची मुलगीही गेली. चाळिशी ओलांडलेल्या या वकिलाचा संसार अशा रीतीने संपला. त्यांनी पुन्हा घर मांडले नाही. वकिलीचे काम हळूहळू कमी करीत १९१० च्या सुमारास त्यांनी ते पूर्णपणे थांबविले आणि उरलेले आयुष्य संगीतशास्त्राच्या स्वाधीन केले.

त्यापूर्वीच त्यांची भ्रमंती सुरू झाली होती. १८९६ मध्ये ते गुजरात-काठियावाडात जाऊन आले होते. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा मोठा दौरा केला. मद्रास, तंजावर, मदुराई, म्हैसूर अशा ठिकाणी जाऊन त्यांनी ग्रंथालये धुंडाळली आणि पंडितांशी चर्चा केली. एट्टयापुरम येथे त्यांना सुब्बराम दीक्षितर भेटले. व्यंकटमखी या सतराव्या शतकातील शास्त्रकाराचा चतुर्दंडिप्रकाशिका हा ग्रंथ या दौऱ्यात त्यांच्या हाती आला. सप्तकातील स्वरांची गणिती मांडणी करून ७२ मेळ कसे तयार होतात आणि त्या चौकटीत सर्व राग कसे बसविता येतात, हे त्यात सांगितले होते. उत्तरेकडील संगीतालाही अशी चौकट देता येईल, हा विचार येथे पक्का झाला.

१९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद आणि कलकत्ता, तर १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर असा त्यांचा प्रवास झाला. कलकत्त्यात राजा सौरींद्रमोहन टागोर यांच्याशी त्यांची भेट झाली. हैदराबादेत अप्पा तुलसी या संगीतज्ञ संस्कृत पंडितांशी त्यांचा स्नेह जुळला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मनमाडहून औरंगाबाद, जालनामार्गे सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू होऊन जेमतेम काही वर्षे झाली होती. मुकुंदवाडीचे स्थानक ज्या लोहमार्गावर आहे, तो हाच.

या दौऱ्यांतील त्यांची पद्धत वकिलाला शोभणारी होती. जाण्यापूर्वी ते प्रश्नांची यादी तयार करीत. प्रत्येक गवयाला व पंडिताला तेच प्रश्न विचारीत आणि उत्तरे दैनंदिनीत टिपून ठेवीत. काहींनी आपुलकीने माहिती दिली, काहींनी टाळाटाळ केली, तर काहींना प्रश्नच उमगले नाहीत. टिपणांमध्ये भातखंडे यांनी कोणाचीही भीड ठेवलेली नाही. त्यांच्या स्वभावातील हा कठोरपणा पुढे टीकेचाही विषय झाला.

जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र आशक अली व अहमद अली यांच्याकडून त्यांना सुमारे ३०० चिजा मिळाल्या. रामपूरचे नवाब हामिद अली खाँ आणि तेथील उस्ताद वजीर खाँ यांच्याकडून तानसेनाच्या परंपरेतील धृपद-धमारांचे भांडार त्यांच्यासमोर खुले झाले. त्यासाठी वयाच्या साठीकडे झुकलेल्या या विद्वानाने शागीर्द होण्यातही कमीपणा मानला नाही.

बारा स्वर, दहा थाट

भातखंडे यांनी मांडलेल्या पद्धतीचा पाया सोपा आहे. सप्तकात बारा स्वर. सा आणि प अचल. रे, ग, ध आणि नी हे चार स्वर शुद्ध व कोमल, तर म शुद्ध व तीव्र. म्हणजे पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपे. प्रत्येक स्वराचे एकच रूप घेऊन सात स्वरांची रांग करावयाची म्हटली, तर दोनाचा पाच वेळा गुणाकार होऊन ३२ रांगा मिळतात. या ३२ पैकी उत्तर हिंदुस्थानी संगीतात प्रत्यक्ष वापरात असलेल्या रागांना पुरतील अशा दहा रांगा त्यांनी निवडल्या. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट.

ही मांडणी गिटारवर डोळ्यांनी पाहता येते. कोणतीही मोकळी तार सा मानावी. दुसऱ्या पडद्यावर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नी आणि बाराव्यावर वरचा सा येतो. हा झाला बिलावल थाट. पाश्चात्त्य संगीतातील मेजर स्केल ती हीच. मधे सुटलेले पहिला, तिसरा, सहावा, आठवा आणि दहावा हे पडदे म्हणजे अनुक्रमे कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी. पाचव्या पडद्याऐवजी सहावा घेतला की कल्याण थाट होतो. ग, ध आणि नी एकेक पडदा मागे घेतले की आसावरी, म्हणजेच नॅचरल मायनर. सा, ग, प एकत्र छेडले की मेजर कॉर्ड आणि त्यातील ग कोमल केला की मायनर कॉर्ड. नवशिक्याच्या बहुतेक शंकांचे निरसन एवढ्या कोष्टकात होते.

बिलावल हे शुद्ध स्वरांचे सप्तक मानण्याचा निर्णयही महत्त्वाचा होता. मध्ययुगीन ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळ जाणारे होते. उत्तर हिंदुस्थानात १८१३ मध्ये महंमद रजा यांनी नगमाते आसफी या ग्रंथात बिलावलाचा पुरस्कार केला होता. भातखंडे यांनी ग्रंथाच्या प्राचीनतेपेक्षा प्रचारातील गायनाला प्रमाण मानले. आजचे संगीत आजच्या नियमांनी समजून घ्यावे, भरतमुनींच्या काळाशी त्याचा ओढूनताणून संबंध जोडू नये, अशी त्यांची भूमिका होती. स्वदेशाभिमानाच्या त्या काळात हे सांगण्यास धैर्य लागत होते.

थाट आणि राग यांतील भेदही त्यांनी स्पष्ट केला. थाट गायिला जात नाही. तो रागांच्या वर्गीकरणाचा खण आहे. रागाला किमान पाच स्वर, आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि रंजकता आवश्यक. आरोहात सात, सहा किंवा पाच स्वर घेता येतात. सा वगळता येत नसल्याने सातांचा एक, सहांचे सहा आणि पाचांचे पंधरा असे २२ प्रकार होतात. अवरोहाचेही तितकेच. म्हणजे एका थाटातून तत्त्वतः ४८४ रचना शक्य. संगीताच्या प्राथमिक परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना हे गणित चांगलेच परिचित असते. प्रत्यक्षात राग मोजकेच का, याचे उत्तर मात्र गणितात नसून कानांना काय रुचते यात आहे.

स्वरलिपीचे साधेपण

सिद्धांताइतकेच मोलाचे काम म्हणजे त्यांची स्वरलिपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब. एका मात्रेत अनेक स्वर असतील, तर त्यांच्या खाली अर्धचंद्र. समेला फुली, खालीला शून्य आणि इतर टाळ्यांना आकडे. एवढ्या मोजक्या खुणांत बंदिशीचा सांगाडा कागदावर उतरविता येतो. कोणत्याही देवनागरी छापखान्यास ती जुळविता यावी आणि सामान्य वाचकास अर्ध्या तासात समजावी, इतकी ती सुटसुटीत आहे. त्यांचे समकालीन पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीही स्वतंत्र लिपी तयार केली होती. पलुस्करांची लिपी लयीचे बारकावे अधिक दाखवीत असे. परंतु सोपेपणामुळे भातखंडे यांची लिपी अधिक प्रचारात आली.

दोन विष्णूंचे मार्ग भिन्न होते. कुरुंदवाडला जन्मलेले पलुस्कर हे गायक होते. १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली. भातखंडे मैफलीचे गायक नव्हते. त्यांचे क्षेत्र शास्त्राचे, संकलनाचे आणि पाठ्यपुस्तकांचे. घराण्याबाहेरील सामान्य विद्यार्थ्यासाठी संगीत शिक्षणाची जी व्यवस्था महाराष्ट्रात आज दिसते, तिची उभारणी या दोघांच्या कामावर झालेली आहे.

ग्रंथांचा संसार

श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा त्यांचा संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी संगीत पद्धती हा चार खंडांतील महाग्रंथ मात्र त्यांनी मराठीत लिहिला. पहिला खंड १९१० मध्ये आणि चौथा १९३२ मध्ये बाहेर पडला. गुरू व शिष्य यांच्यातील संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या ग्रंथातील शिष्य शंका विचारतो, अडवतो, पुन्हा विचारतो. गुरूही चिडत नाही. प्रत्यक्ष तालमीत ज्या शंका विचारण्याची सोय नव्हती, त्या विचारण्याची मुभा भातखंडे यांनी कागदावर दिली, असे म्हणता येईल.

त्यानंतर आली क्रमिक पुस्तक मालिका. सहा भागांच्या या मालिकेत अठराशेहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह आहेत. नावाप्रमाणेच तिची रचना पायरीपायरीने होते. आधी स्वरांचे पलटे, मग सरगमगीत, मग रागाची लक्षणे पद्यात सांगणारे लक्षणगीत आणि त्यानंतर ख्याल, धृपद. अनेक लक्षणगीते भातखंडे यांनी स्वतः रचली. त्यांचे शिष्य भा. सी. सुकथनकर हे सॉलिसिटर असूनही प्रकाशनाचे काम निष्ठेने सांभाळीत. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने हे साहित्य हिंदीत आणले आणि ते उत्तर भारतात सर्वत्र पोहोचले. मूळ मराठीत लिहिलेला हा ग्रंथ मराठी विद्यार्थीही पुष्कळदा हिंदीतून वाचतो, हा त्यातील विरोधाभास.

परिषदा आणि महाविद्यालये

पुस्तके एकट्याने लिहिता येतात. पण त्यातील निर्णय मान्य होण्यासाठी गवई आणि पंडित एका मांडवाखाली यावे लागतात. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत, संस्थानिक आणि अभ्यासक एकत्र येऊन रागांची रूपे, श्रुती आणि शिक्षण यांवर चर्चा करीत आहेत, असे दृश्य तोवर दुर्मीळ होते. पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या.

सगळे वाद मिटले, असे नाही. बावीस श्रुतींचे अचूक मापन करून तशी पेटी तयार करण्याचा ई. क्लेमंट्स आणि कृ. बा. देवल यांचा प्रयत्न होता. भातखंडे यांना तो व्यवहारात उपयोगी वाटला नाही. बारा स्वर हा शिक्षणाचा भक्कम पाया आहे आणि त्यापुढील सूक्ष्मता गळ्याने व कानाने शिकावी, असे त्यांचे मत होते.

परिषदांतून शिक्षणसंस्थांना चालना मिळाली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये तेथे माधव संगीत महाविद्यालय निघाले. लखनौ येथे राय उमानाथ बली आणि तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक सुरू झाले. ठरावीक अभ्यासक्रम, ठरावीक वर्षे, परीक्षा आणि पदवी अशी आखणी तेथे होती. १९२८ मध्ये भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे प्राचार्य झाले आणि त्यांच्या तालमीत के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी यांच्यासारखे गायक-अभ्यासक घडले. हीच संस्था पुढे भातखंडे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाली.

टीकेची बाजू

भातखंडे यांच्या कार्यावर त्यांच्या हयातीतही आक्षेप घेतले गेले आणि आजही घेतले जातात. त्यांतील काही खरे आहेत. अहिरभैरव, मधुवंती, चारुकेशी हे लोकप्रिय राग दहा थाटांपैकी कोणत्याही थाटात नीट बसत नाहीत. भूप आणि देसकार यांचे पाच स्वर तेच, पण एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावलात. मारवा, पुरिया आणि सोहनी यांचेही स्वर सारखेच. वेगळेपण येते ते चलनातून, कोणत्या स्वरावर थांबावे आणि कोणत्या सप्तकात रमावे यातून. ते कोष्टकात मावत नाही. मींड, आंदोलन, कणस्वरांची नजाकत लिपीत जेमतेम सूचित होते. पुस्तकावरून गाणारा विद्यार्थी बरोबर गातो, पण चांगले गातोच असे नाही, ही तक्रार जुनीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या उस्तादांनी शतकानुशतके ही विद्या जतन केली, त्यांच्याविषयी भातखंडे यांच्या लेखनात पुरेसा आदर दिसत नाही, शास्त्र न जाणणारे म्हणून त्यांची संभावना केली जाते, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. घराण्यांकडून मिळालेल्या बंदिशी सर्वांच्या झाल्या. पण त्या देणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न उरतोच. विद्या खुली झाल्याचा आनंद आणि ती देणाऱ्यांचे उपजीविकेचे साधन खुले झाल्याचे दुःख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. भातखंडे यांचे मोठेपण मान्य करताना या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करता येणार नाही.

त्यांच्या बाजूने एवढे निश्चित सांगता येते, की या कामातून त्यांनी स्वतःसाठी संपत्ती उभी केली नाही. वकिली सोडून, संसार संपल्यावर, बहुतांश टोपणनावांनी लेखन करीत त्यांनी हा सारा खटाटोप केला.

अखेर

१९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघात झाला. शरीराने साथ सोडली, तरी शिष्यांच्या साहाय्याने क्रमिक पुस्तक मालिकेचे उरलेले काम पुढे सरकत राहिले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोकुळाष्टमीला सुरू झालेले आयुष्य गणेश चतुर्थीला संपले. मालिकेचा सहावा भाग त्यानंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

भातखंडे यांनी गिटारसाठी एक ओळही लिहिली नाही. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच वाद्यावर राग वाजवून दाखविले आणि विश्वमोहन भट्ट यांनी त्यातून मोहनवीणा घडविली. त्यांची वादने भातखंडे यांना ऐकावयास मिळाली नाहीत. तथापि, बारा पडद्यांत बारा स्वर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे कोष्टक जसेच्या तसे उपयोगी पडते, याचे त्यांना आश्चर्य वाटले नसते. कोणत्याही घरातील, कोणत्याही जातीधर्मातील माणसाने पहिल्या दिवशी हाती धरावे असे काहीतरी असले पाहिजे, याच हेतूने ते तयार झाले होते.

मुकुंदवाडीतील त्या तरुणाला पुस्तकातून स्वरांच्या जागा कळतील. त्यानंतरचा रियाज त्याचा त्यालाच करावा लागेल आणि चांगले काय, हे सांगणारा गुरूही शोधावा लागेल. मात्र पहिला धडा मिळविण्यासाठी त्याला कोणाच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळावे लागणार नाही. त्यासाठीची पायपीट शतकापूर्वी वाळकेश्वरच्या एका वकिलाने करून ठेवली आहे.